विमान उडण्याआधी ‘थांबा’ कोण म्हणतं?

  भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, कान फक्त इकडे असू द्या.

आजचा विषय जरा आभाळातला आहे. पण तो आला आपल्याच बैठकीतून. एका गटातल्या मावशींचा मुलगा दुबईला कामाला निघाला होता. विमानतळावरून त्याचा फोन आला, “आई, विमानात तांत्रिक बिघाड आहे म्हणतात, तीन तास उशीर आहे.” मावशींनी ते तीन तास देवापुढे बसून काढले. मग बैठकीत त्यांनी विचारलं, “बिघाड होता तर त्याच विमानात पोरांना बसवलं कसं? आणि तीन तासांत असं काय केलं, की ते लगेच उडायला चांगलं झालं?”

प्रश्न रास्त आहे. पूर्वी विमान म्हणजे अंगणातून वर बघायची गोष्ट होती. आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच, कोपरगाव तालुक्यात काकडीला, 1 ऑक्टोबर 2017 पासून शिर्डीचं विमानतळ सुरू आहे. कुणाची लेक पुण्याहून दिल्लीला परीक्षेला जाते, कुणाचा भाचा आखातात असतो. म्हणून कॉकपिटमध्ये, म्हणजे वैमानिक बसतात त्या पुढच्या खोलीत, एखादं यंत्र उडण्याआधीच बंद पडलं तर नेमकं काय करतात, ते आज समजून घेऊ.

दोन माणसं आणि जोडीजोडीनं यंत्रं

प्रवासी विमानात पुढं दोन वैमानिक असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक. सहवैमानिक म्हणजे शिकाऊ माणूस नव्हे. तोही पूर्ण परवाना घेतलेला वैमानिक असतो. दोघांच्या समोर आपापले पडदे असतात. वेग किती, उंची किती, विमान सरळ आहे की एका अंगाला कललं आहे, हे दोघांना वेगवेगळं दिसतं. त्याशिवाय मधोमध एक जादाचं छोटं यंत्रही असतं.

हा सगळा खर्च कशासाठी? तर एक यंत्र खोटं बोलायला लागलं तर दुसऱ्याला विचारता यावं म्हणून. आपल्या गटाचे पैसे बँकेतून काढायला दोन सह्या लागतात ना? कारण तेच. एकीवर विश्वास नाही असा त्याचा अर्थ नाही. एकीचं काही चुकलं तर दुसरीच्या लक्षात यावं, एवढाच हेतू.

रस्त्यावर ट्रॅक्टर बंद पडला तर तो कडेला लावता येतो. बोअरची मोटर जळाली तर पाणी थांबतं, जीव जात नाही. आभाळाला मात्र कड नसते, बांध नसतो. म्हणून विमानाचा बिघाड जमिनीवर सापडणं आणि हवेत सापडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हवेत बिघाड झाला तर किती लवकर घात होऊ शकतो, याचं एक उदाहरण मुंबईचं आहे.

1 जानेवारी 1978 ची मुंबई

नव्या वर्षाचा पहिला दिवस, रात्रीची वेळ. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ नावाचं मोठं बोइंग 747 विमान सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघालं. आत प्रवासी आणि कर्मचारी मिळून 213 माणसं. विमान उडालं, समुद्रावर आलं आणि थोडं वळलं. तेवढ्यात कॅप्टनच्या समोरचं, विमान सपाट आहे की कललं आहे हे दाखवणारं यंत्र बिघडलं. गवंडी भिंत बांधताना लेव्हल लावतो, तसंच हे विमानाचं लेव्हल. विमान उजवीकडे कललंय असं ते दाखवत राहिलं. कॅप्टननं ते खरं मानून विमान डावीकडे झुकवलं, आणखी झुकवलं.

बाहेर बघून खरं काय ते कळलं नसतं का? खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, मधली रेघच दिसत नव्हती. आणि आपलं शरीर अशा वेळी फसवतं. फुगडी घालून थांबल्यावर जमीन फिरतेय असं वाटतं की नाही? आपण उभ्या असतो, पण डोकं सांगतं फिरतेय. अंधारात वैमानिकाचंही तसंच होतं. उडाल्यावर दोन मिनिटंही झाली नव्हती, तोच विमान वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

चौकशीत दोन गोष्टी पुढं आल्या. कॅप्टनचं यंत्र बिघडलं होतं, ही पहिली. दुसरी अशी, की बाकीची यंत्रं समोर होती, पण त्यांच्याकडे बघून विमान सावरलं गेलं नाही. त्या काळी वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर बसत असे. यंत्रांत फरक दिसतोय हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण सांगून सावरेपर्यंत वेळच उरला नाही.

तो बिघाड हवेत झाला, जमिनीवर सापडण्यासारखा नव्हता. पण हवेत विचार करायला किती थोडा वेळ मिळतो, हे त्यातून कळतं. जमिनीवर मात्र वेळ असतो. तीन तास असतात. हवे तर तीन दिवसही असतात.

मोठ्यानं वाचायची यादी

विमान उभं असतानाच वैमानिकांचं काम सुरू होतं. एकजण टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारतो. चाकं, पंख, इंजिनाचं तोंड, कुठं तेल गळतंय का, पक्षी धडकल्याची खूण आहे का, हे बघतो. मग आत बसून यादी वाचतात. एक वाचतो, दुसरा ते बटण बघून उत्तर देतो. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं.

ही यादी आली कुठून? 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेतल्या डेटन इथं बोइंगच्या एका नव्या मोठ्या विमानाची चाचणी होती. उभ्या विमानाची शेपटी वाऱ्यानं हलू नये म्हणून तिला एक कुलूपवजा अडसर लावलेला असतो. उडण्याआधी तो काढायचा राहिला. विमान उडालं आणि कोसळलं, दोघांचा जीव गेला. चालवणारा वैमानिक मुरलेला होता. तेव्हा वैमानिकांच्या लक्षात आलं, की कितीही हुशार माणूस असला तरी इतक्या गोष्टी डोक्यात ठेवून चालणार नाही. त्यांनी यादी केली. ती पद्धत आजपर्यंत चालू आहे.

यादीतलं एक काम निसटलं तर काय होतं, हे मुंबईनं अलीकडेही पाहिलं. 20 सप्टेंबर 2018 ला जेट एअरवेजचं मुंबई–जयपूर विमान 166 प्रवासी घेऊन उडालं. विमानातल्या हवेचा दाब राखणारं बटण लावायचं राहून गेलं. वर जाताना आतली हवा विरळ झाली, डोक्यावरचे ऑक्सिजनचे मास्क खाली आले आणि तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. विमान मुंबईला परत आणलं, सगळ्यांचे प्राण वाचले. तिथं यंत्र बिघडलेलं नव्हतं. बटण राहिलं होतं, एवढंच.

बिघाड सापडला, मग पुढं काय?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, सगळे प्रवासी बसले आहेत आणि सहवैमानिकाच्या समोरचा पडदा काळा झाला. पुढच्या गोष्टी अशा क्रमानं होतात.

पहिली गोष्ट, हात आवरायचा. आपला टीव्ही बंद पडला की आपण वरून एक चापट मारतो, प्लग काढून पुन्हा लावतो. वैमानिकाला तसं मनानं करता येत नाही. कोणतं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं, किती वेळा करायचं, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. बिघाडामुळं एखादं वीजबटण आपोआप पडलं असेल, तर ते पुन्हा पुन्हा दाबून बसवत राहणं धोक्याचं. फ्यूज उडालेला असताना तिथं जाड तार घालण्यासारखंच ते आहे. त्यानं आग लागू शकते.

दुसरी गोष्ट, लिहायचं. प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, तिला टेक लॉग म्हणतात. सापडलेला बिघाड कॅप्टन त्यात लिहून सही करतो. एकदा लिहिलं, की तो बिघाड कुणाला नजरेआड करता येत नाही. त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय विमान हलत नाही.

तिसरी गोष्ट, इंजिनिअर येतो. परवाना घेतलेला विमान देखभाल इंजिनिअर तपासणी करतो. कधी सैल झालेली जोडणी असते, कधी पूर्ण पेटीच बदलावी लागते. कधी सगळ्या विमानाची वीज बंद करून पुन्हा सुरू करतात. त्या वेळी आत अंधार होतो, थंड हवा बंद पडते, लेकरं रडायला लागतात. प्रवाशांना वाटतं आता काहीतरी भयंकर झालं. खरं तर ती दुरुस्तीचीच पायरी असते. काम झालं की इंजिनिअर वहीत काय केलं ते लिहितो आणि सही करतो. एक सही बिघाड सांगणाऱ्याची, दुसरी तो दूर करणाऱ्याची.

आधीच ठरवून ठेवलेला कागद

प्रत्येक बिघाडाला विमान थांबतंच असं नाही. चहाचं पाणी तापवणारं यंत्र बंद आहे म्हणून विमान थांबवायची गरज नाही. पण ‘हे चालेल, ते चालणार नाही’ हे ठरवायचं कुणी? गर्दी खोळंबलेली, कंपनीचे फोन येतायत, अशा घाईच्या वेळी कॅप्टननं ते अंदाजानं ठरवायचं का? नाही. ते आधीच, शांत डोक्यानं ठरवलेलं असतं. त्या पुस्तकाला मिनिमम इक्विपमेंट लिस्ट म्हणतात. आपण तिला ‘किमान साधनांची यादी’ म्हणू. विमान बनवणाऱ्यांच्या मूळ यादीवरून प्रत्येक कंपनी आपली यादी तयार करते आणि आपल्या देशात डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं, तिला मंजुरी देतं.

त्या यादीत तीन गोष्टी सांगितलेल्या असतात. कोणती वस्तू बंद असताना जाता येईल, कोणत्या अटीवर जाता येईल आणि किती दिवसांत ती दुरुस्त झालीच पाहिजे. काही वस्तूंना 3 दिवसांची मुदत, काहींना 10, अगदी किरकोळ गोष्टींना 120 दिवस. काहींची मुदत त्या त्या वस्तूपुढेच लिहिलेली असते. मुदत संपली की विमान जागेवर उभं.

अटी कशा असतात ते बघा. पुढचे पावसाळी ढग दाखवणारं रडार बंद आहे. वाटेत आभाळ निरभ्र असेल तर जाता येईल, पण वळवाचे ढग जमलेत, विजा चमकतायत, तर नाही. आतली हवा राखणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद आहे. मग जा, पण नेहमीपेक्षा खालून उडा. खालून उडायचं तर इंधन जास्त लागतं, मग पुन्हा हिशोब, पुन्हा इंधन भरणं. दुरुस्ती झाली नाही तरी उशीर होतो, तो यामुळे. बंद ठेवलेल्या वस्तूवर ‘इनऑप’, म्हणजे चालत नाही, अशी चिठ्ठी चिकटवतात. पुढच्या पाळीला येणाऱ्या वैमानिकाला ती लगेच दिसावी म्हणून.

आणि उडण्याच्या सुरक्षिततेशी ज्याचा संबंध आहे, अशी एखादी वस्तू यादीत नसेल तर? तर ती चालू असलीच पाहिजे. पंख, इंजिन यांना सवलत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. यादी ‘जाता येईल’ म्हणते, ‘गेलंच पाहिजे’ म्हणत नाही. शेवटचा शब्द कॅप्टनचा. रात्र आहे, पाऊस आहे, उतरायचं विमानतळ डोंगरात आहे, म्हणून मी हे विमान नेणार नाही, असं कॅप्टन म्हणू शकतो. हा अधिकार जगभरच्या नियमांनी दिलेला आहे. तो बाईच्या हातातही असतो, हे लक्षात ठेवा. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी नोव्हेंबर 1985 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं कोलकाता–सिलचर विमान नेलं. त्या कॅप्टन, सहवैमानिकही बाईच, सगळे कर्मचारी बाया. आज आपल्या देशात शंभर वैमानिकांमागे बारा ते पंधरा बाया आहेत. जगाच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे.

धावपट्टीवरची शेवटची संधी

विमान धावपट्टीवर पळायला लागल्यावर यंत्र बंद पडलं तर? इथं वेगाप्रमाणे नियम बदलतो.

विमान हळू पळत असतं तोवर, साधारण ताशी 150 किलोमीटरपर्यंत, बहुतेक कोणत्याही बिघाडाच्या इशाऱ्याला थांबतात. थांबणं तेव्हा सोपं असतं. त्या वेगाला एक वैमानिक मोठ्यानं हाक देतो, “एटी नॉट्स”, काही विमानांत “हंड्रेड नॉट्स”. दुसरा आपल्या पडद्यावर बघून “चेक्ड” म्हणतो. ही नुसती रीत नाही. दोघांचे वेगमापक जुळतात का, हे बघायची ती शेवटची सोपी वेळ असते.

त्यापुढे फक्त मोठ्या संकटाला थांबायचं, म्हणजे आग लागली, इंजिन गेलं, विमान उडूच शकणार नाही असं दिसलं तर. आणि एक वेग असा येतो, की त्यानंतर थांबायला धावपट्टीच उरत नाही. विमानाचं वजन, ऊन, वारा, धावपट्टीची लांबी यांवरून तो प्रत्येक उड्डाणाआधी काढलेला असतो. त्यानंतर एक इंजिन बंद पडलं तरी विमान वर न्यायचं आणि मग परत येऊन उतरवायचं. एका इंजिनावर ते उडू शकतं, तसंच ते बांधलेलं असतं.

म्हणजे बिघाड तोच, पण उभ्या विमानात त्याची किंमत दोन-तीन तास असते, धावपट्टीवर ती एका क्षणाच्या निर्णयाची होते आणि हवेत जिवाची होऊ शकते.

कुंभारीण माशीचं घरटं

ही शेवटची सोपी वेळ हातची गेली, असं एक उदाहरण सांगते. 6 फेब्रुवारी 1996, डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या बेटावरच्या देशातलं पोर्तो प्लाता हे गाव. बिर्गनएअर कंपनीचं बोइंग 757 जर्मनीला निघालं होतं. धावपट्टीवर पळताना कॅप्टनच्या लक्षात आलं, की आपला वेगमापक चालत नाही. सहवैमानिकाचा चालत होता. तेव्हा विमान थांबवता आलं असतं. पण कॅप्टननं सहवैमानिकाला वेग सांगत राहायला सांगितलं आणि विमान उडवलं.

वर गेल्यावर कॅप्टनचा बंद मापक हलायला लागला आणि वेग फार आहे असं दाखवू लागला. आपोआप विमान चालवणारी यंत्रणा त्याच मापकावर चालत होती. तिनं वेग कमी करायला विमानाचं नाक वर उचललं. प्रत्यक्षात विमान आधीच हळू होतं. खरा मापक कोणता आणि खोटा कोणता, यातच दोघे गोंधळले. पाचेक मिनिटांत विमान समुद्रात पडलं. 189 माणसं गेली.

मापक का बिघडला? विमानाच्या तोंडाशी छोट्या नळ्या असतात. त्यांत शिरणाऱ्या वाऱ्याच्या दाबावरून वेग कळतो. हे विमान तीनेक आठवडे उभं होतं आणि उडण्याआधीचे काही दिवस नळ्यांवर झाकणं घातलेली नव्हती. ती नळी समुद्रातून हाती लागली नाही, पण तपास करणाऱ्यांचा कयास असा, की तिच्यात कुंभारीण माशीनं मातीचं घरटं केलं असावं. आपल्या भिंतीला, खिडकीच्या चौकटीला, कुलपाच्या भोकात चिखलाचं घर करते ना, तसलीच माशी. बोटभर नळीतला चिमूटभर चिखल.

‘लवकर आटपा’ म्हणणारे आपणच

मग अशा वेळी माणूस थांबत का नाही? कारण थांबणं सोपं नसतं. मागे दीड-दोनशे माणसं तक्रार करत असतात. विमान उभं राहिलं की कंपनीचं नुकसान होतं. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्यानं मर्यादा आहे. उशीर वाढला तर त्यांचे तास संपतात आणि दुसरे वैमानिक आणावे लागतात. दुरुस्ती होऊनही विमान निघत नाही, त्याचं एक कारण हेच. या सगळ्याचा भार ‘थांबा’ म्हणणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

दुसरी अडचण मोठ्या-लहानाची. कॅप्टन अनुभवी, सहवैमानिक तरुण. साहेबांना कसं सांगायचं? यातून किती विमानं पडली याचा अभ्यास होऊ लागला. 1979 साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं त्यावर बैठक भरवली आणि पुढं जगभर वैमानिकांना एक वेगळं शिक्षण सुरू झालं. धाकट्यानं स्पष्ट बोलायचं आणि मोठ्यानं ऐकायचं, याचं शिक्षण. आज आपल्याकडेही वैमानिकांना ते घ्यावंच लागतं.

आपल्या हातात काय आहे?

घरातलं कुणी विमानतळावर अडकलं तर या गोष्टी सांगा.

पहिलं, फोनवर त्याला धीर द्या. बिघाड जमिनीवर सापडला ही चांगली बातमी आहे. कर्मचाऱ्यांवर ओरडू नको, वैमानिकावर घाई आणू नको, असंही सांगा.

दुसरं, हक्क मागायला लाजू नये. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे उशीर ठरावीक तासांच्या वर गेला तर खाणं-पिणं द्यावं लागतं. अडीच तासांपर्यंतच्या जवळच्या प्रवासाला ही मर्यादा दोन तासांची आहे, लांबच्या प्रवासाला तीन-चार तासांची. देशातल्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर दुसऱ्या विमानाची सोय किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, यांतलं एक मागता येतं. उशीर 24 तासांच्या वर गेला तर राहण्याची सोय करावी लागते. काउंटरवर नीट शब्दांत विचारायचं, तिकीट आणि बोर्डिंग पास जपून ठेवायचा. दाद नाही मिळाली तर सरकारच्या एअरसेवा या ठिकाणी मोबाइलवरून तक्रार करता येते.

तिसरं, औषधं, लेकराचं दूध-खाणं, चार्जर हे मोठ्या बॅगेत टाकू नका. हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, उशीर झाला तरी ती मिळत नाही.

आणि घरात विज्ञान शिकणारी लेक असेल, तर तिला हेही सांगा, की वहीत सही करणारे ते विमान इंजिनिअर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पुढं शिकलेले असतात. त्या वाटेवर मुलीही आहेत.

आपल्या सतरंजीवर

जाता जाता गटाचं एक बोलते. बैठक संपत आलेली असते, सगळ्यांना घरी जायची घाई असते, म्हशीच्या धारा काढायच्या असतात. अशा वेळी एखादी म्हणते, “थांबा, दोनशे रुपयांचा मेळ लागत नाही.” लगेच चार जणी म्हणतात, “पुढच्या बैठकीत बघू गं, दोनशेच तर आहेत.” ती बिचारी वाईट ठरते. पण तिथंच थांबून वही बघितली तर दोनशेचा फरक दहा मिनिटांत सापडतो. सहा महिन्यांनी, कर्जाचा हप्ता थकल्यावर, बँकेच्या साहेबासमोर तो सापडत नाही. तिथं सापडतं ते भांडण.

विमानवाल्यांनी जीव गमावून जे शिकून घेतलं, ते आपल्याला फुकट घेता येईल. कोणती गोष्ट चालवून घ्यायची आणि कोणती नाही, हे भांडण नसताना ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. हिशोब मनात न करता मोठ्यानं वाचा आणि दुसरीनं तो ताडून बघा. अध्यक्ष, सचिव वयानं मोठ्या असल्या तरी नवीन सुनेला बोलायची मुभा द्या. आणि जी ‘थांबा’ म्हणेल, तिला त्या दिवशी कुणी टोमणा मारायचा नाही.

मावशींचा मुलगा त्या दिवशी तीन तास उशिरा दुबईला सुखरूप उतरला. त्याच्या विमानातला बिघाड कुणीतरी पाहिला, लिहिला, दुरुस्त केला आणि त्यावर सही केली. त्या माणसांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. पण तुम्ही विचारलं होतं मावशी, तीन तासांत काय केलं, तर हे केलं.

तुमच्या गटात असा काही प्रश्न निघाला तर बैठकीच्या वहीत लिहून ठेवा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.